परतीचे आठ आठवडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक्स्चेंज सेमिस्टरसाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींची बातमी सप्टेंबरात छापून येते. कॉलेजच्या पायऱ्यांवर प्राचार्यांसोबत फोटो, हातात गुलाबाचे फूल, कडेला विभागप्रमुख. फेब्रुवारीअखेर तीच मुले परत येतात तेव्हा कुणी फोटो काढत नाही, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण त्या वेळी त्यांचे गुणपत्रक आलेले नसते, इकडच्या सत्राचा अभ्यास बुडालेला असतो, आरोग्य विम्याचा हप्ता तिकडे चालूच असतो आणि खोलीच्या अनामतीतून सफाईचे पैसे कापले गेलेले असतात. जाण्याची तयारी सहा महिने चालते, परतण्याची आठवड्याभरात उरकली जाते. त्या एका आठवड्याचे आठ केले तर यातले बहुतेक टळते. त्यात कॉलेजांचाही वाटा आहे, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे.

आम्ही लिहितो आहोत ते जर्मनीपुरते, कारण तिथले व्यवहार आम्हाला ठाऊक आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे, आणि २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट आपला. यातले बहुतेक पूर्ण पदवीसाठी गेलेले. त्यांना चूक झाली तर सुधारायला वेळ असतो. एका सत्रापुरता गेलेला विद्यार्थी बँक खाते, विमा, घर, फोन असा सगळा संसार उघडतो आणि पाच महिन्यांत तोच बंद करतो. उघडताना मदतीला विद्यापीठाने नेमून दिलेला ‘बडी’ असतो. बंद करायची वेळ येते तेव्हा तो बडी स्वतःच्या परीक्षेत बुडालेला असतो.

पहिली अडचण दिनदर्शिकेची. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, नाताळात दोनेक आठवडे बंद असतात, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात, आणि त्यानंतर परीक्षा. काही विषयांच्या तर मार्चमध्ये. उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, तास जुलैपर्यंत, परीक्षा जुलै-ऑगस्टात. आपल्याकडे सम सत्र डिसेंबर-जानेवारीत आणि विषम सत्र जून-जुलैत सुरू होते. म्हणजे कुठलेही सत्र धरा, परतणाऱ्याचे इकडचे सहा-आठ आठवडे गेलेलेच असतात आणि दारात पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम उभा असतो. होखशूले म्हणतात त्या उपयोजित विज्ञानांच्या संस्था बऱ्याच राज्यांत महिनाभर आधी सुरू होतात आणि महिनाभर आधी सुटतात. अभियांत्रिकीच्या मुलांना निवड करायची संधी असेल तर एवढ्या एका कारणासाठीही त्यांचा विचार करावा.

हजेरीतून सूट आणि अंतर्गत गुणांसाठी पर्यायी परीक्षा हे जाण्याआधी लेखी ठरवून घ्यायचे असते. ‘आलास की बघू’ असे सर तोंडी म्हणतात आणि सहा महिन्यांनी सरांची बदली झालेली असते.

आता गुणांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होते.

जर्मनीत श्रेणी १.० ते ५.० अशी असते आणि लहान आकडा चांगला. १.०, १.३, १.७, २.० अशा पायऱ्यांनी ती खाली उतरते; ४.० ला पास, ५.० म्हणजे नापास. आपल्या परीक्षा विभागात १.३ हा आकडा दहापैकी समजून भुवया वर करणारे अजून भेटतात. त्यात त्यांचा तरी काय दोष, त्यांच्यापुढे रूपांतराचा तक्ता कुणी ठेवलेलाच नसतो. जर्मन विद्यापीठे आपले गुण त्यांच्या श्रेणीत बसवताना सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. तेच उलटे फिरवले तर आपल्याला हवे ते मिळते. दहा हे सर्वोच्च आणि चार हे उत्तीर्णतेचे गुण धरले, तर तिकडच्या श्रेणीतून एक वजा करायचा, उरेल त्याची दुप्पट करायची आणि ती दहातून वजा करायची. १.३ चे झाले ९.४, २.० चे ८, २.७ चे ६.६, आणि ४.० चे बरोबर ४. अर्ध्या पानात मावणारा हा तक्ता जाण्याआधी विभागप्रमुख आणि परीक्षा विभाग दोघांच्या सहीने तयार असला, तर परतल्यावर टेबलाटेबलांवर फिरावे लागत नाही. तिकडच्या कार्यालयाकडून त्या अभ्यासक्रमात कोणती श्रेणी किती टक्के मुलांना मिळते याचाही तक्ता मागता येतो. काही विषयांत परीक्षक इतके कडक असतात की २.३ वाला वर्गात बराच वरचा असतो. निव्वळ सूत्राने तो ७.४ वर येतो आणि घरचे विचारतात, काय फिरायला गेला होतास का?

श्रेयांकांचे भांडण याहून चिवट. युरोपात एका सत्राचे ३० ईसीटीएस, म्हणजे तिकडचे श्रेयांक, आणि एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तासांचे काम. आपल्या नव्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १,२०० तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे सत्राला २०. तासांनी मोजले तर एक ईसीटीएस म्हणजे जवळपास एक श्रेयांक. सत्रांनी मोजले तर दीड ईसीटीएसला एक. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, आणि तीच पंचाईत आहे. तिकडचा ५ ईसीटीएसचा विषय तासांच्या हिशेबाने १२५ ते १५० तासांचा, म्हणजे आपल्या ४ श्रेयांकांच्या विषयाला पुरून उरणारा. सत्रांच्या हिशेबाने त्याचे ३.३३ भरतात, आणि एका श्रेयांकाच्या दोन-तृतीयांश तुकड्यासाठी मुलाला इकडे अख्खा विषय पुन्हा द्यायला लावतात. कोणता हिशेब धरायचा ते लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे तिकडे घ्यायच्या विषयांच्या करारनाम्यावर सह्या होतानाच लिहून टाकावे. तिकडे पोहोचल्यावर विषय बदलला, आणि तो हमखास बदलतो, कारण जाहीर झालेला विषय त्या सत्रात शिकवलाच जात नाही किंवा दोन तास एकाच वेळी येतात, तर त्याच करारनाम्याचा बदलाचा भाग भरून विद्यार्थी, कॉलेज आणि तिकडचे विद्यापीठ अशा तिन्ही सह्या पुन्हा घ्याव्या लागतात. ऑक्टोबरात बदललेल्या विषयाची सही फेब्रुवारीत मागणारे थोडे नसतात.

गुणपत्रक उशिरा का येते, त्याचेही कारण समजून घ्यायला हवे. लेखी परीक्षेची श्रेणी लागायला चार ते सहा आठवडे जातात. मानव्यविद्यांच्या विषयांत परीक्षेऐवजी हाउसआर्बाइट असते, म्हणजे पंधरा-वीस पानांचा निबंध, आणि तो द्यायची मुदत बऱ्याचदा ३१ मार्च. विद्यार्थी तोपर्यंत पुण्यात येऊन बसलेला असतो आणि तिकडचे ग्रंथालय हाताशी नसते. पुढे प्राध्यापक तपासायला आणखी काही आठवडे घेणार, आणि सगळ्या श्रेणी चढल्याशिवाय पूर्ण गुणपत्रक निघत नाही. तोवर इकडे जूनच्या परीक्षेचे अर्ज भरून होतात आणि निकालपत्रात ‘निकाल राखून ठेवला’ असा शिक्का येतो. दुर्दैव आणखी थोडे असेल तर ‘गैरहजर’, आणि मग काहीही न चुकता एटीकेटी. यावर उपाय दोन. डिसेंबरातच प्राध्यापकांना सांगायचे की मी एक्स्चेंजवर आहे, फेब्रुवारीअखेर जाणार, निबंध आधी देतो, तपासून द्याल का. बहुतेक जण देतात, पण त्यांना आधी सांगावे लागते, तेही ईमेलने आणि तारखेसह. दुसरे म्हणजे ज्या विषयांच्या श्रेणी लागल्या आहेत त्यांचे तात्पुरते गुणपत्रक मागायचे, किंवा एकेका विषयाचा ‘शाइन’, म्हणजे प्राध्यापकांच्या सहीशिक्क्याचा एक कागद. आपल्या परीक्षा विभागाने हे दोन्ही तात्पुरते ग्राह्य धरायला काय हरकत आहे, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

तास केले म्हणजे परीक्षेला बसता येते असे तिकडे नाही. प्रत्येक परीक्षेची नोंदणी विद्यापीठाच्या पोर्टलवर ठराविक दिवसांतच करायची असते. ती खिडकी काही ठिकाणी नोव्हेंबरात उघडते आणि जानेवारीत मिटते. नोंदणी करून न बसलेल्याच्या नावावर ५.० पडू शकतो. म्हणून बसायचे नसेल तर मुदतीत नाव मागे घ्यायचे. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडून अटेस्ट घेऊन लगेच कार्यालयात द्यायचे. दोन दिवस अंगावर काढून तिसऱ्या दिवशी आणलेला दाखला चालत नाही. फेरपरीक्षा असते, पण ती सत्राच्या शेवटी किंवा पुढच्या सत्रात, म्हणजे विद्यार्थी मायदेशी असताना. ज्या विषयाची धाकधूक आहे त्याच्या प्राध्यापकांना तोंडी परीक्षा लवकर घेता येईल का, हे जानेवारीतच विचारावे.

निघण्याआधी पोर्टलवरून काय काय उतरवून घ्यायचे, हे फार कमी जणांच्या लक्षात येते. नाव कमी झाले, म्हणजे त्यांच्या भाषेत एक्समाट्रिकुलात्सिओन झाले, की काही दिवसांनी विद्यापीठाचा ईमेल आणि पोर्टल दोन्ही बंद पडतात. नोंदणीचा दाखला, नाव कमी केल्याचा दाखला, श्रेणींची यादी आणि मोडूलहांडबूख त्याआधी उतरवायचे. हा शेवटचा दस्तऐवज महत्त्वाचा. प्रत्येक विषयात काय शिकवले, किती तास, परीक्षा कशी, हे त्यात असते आणि आपला अभ्यास मंडळवाला नेमके हेच मागतो. दरवर्षी तो बदलतो, त्यामुळे आपण शिकलो त्या सत्राचीच प्रत हवी. इरॅस्मस या युरोपीय संघाच्या विनिमय योजनेच्या पैशांवर गेलेल्यांना मुक्कामाचा दाखलाही लागतो. त्यावरच्या तारखांवरून दिवस मोजून अनुदान ठरते, तेव्हा तो शेवटच्या दिवसांतच सही करून घ्यायचा. सोयीसाठी दोन आठवडे आधी घेतला तर तेवढ्या दिवसांचे पैसे जाण्याची भीती.

आता खोली. बहुतेक मुले श्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहात राहतात. परीक्षा २० फेब्रुवारीला संपली आणि करार ३१ मार्चपर्यंत असला तर भाडे ३१ मार्चपर्यंतच. मुदतीचा करार मध्येच मोडता येत नाही. लेखी परवानगी घेऊन मधल्या काळापुरता पोटभाडेकरू ठेवता येतो, आणि मार्चमध्ये नव्याने येणाऱ्यांना खोल्या हव्याच असतात. चारपाच जण मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये करार बेमुदत असेल तर नोटीस तीन महिन्यांची. मार्चअखेर सोडायचे तर जानेवारीच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत कागदावर, हाताने सही केलेले पत्र मालकाच्या हाती पडले पाहिजे. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप कायद्याने नोटीस होत नाही. एक दिवस चुकला की एप्रिलचे भाडे अंगावर.

अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते. ती पूर्ण परत मिळणे न मिळणे खोली ताब्यात देण्याच्या अर्ध्या तासावर ठरते. हाऊसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा देखभाल करणारा, खोली तपासतो आणि कागद भरतो. तो कामकाजाच्या दिवशीच येतो, बहुधा सकाळी. शनिवारचे विमान असेल तर शुक्रवारी किल्ली द्यावी लागते आणि एक रात्र कुणाच्या तरी जमिनीवर काढावी लागते. पंधरा दिवस आधी त्यालाच बोलावून कच्ची तपासणी करून घेता येते. काय कापले जाईल ते तेव्हाच कळते आणि हातात पंधरा दिवस असतात. राहायला आलो तेव्हा भरलेला कागद आणि फोटो जपून ठेवलेले असतील तर आधीचे ओरखडे आपल्या माथी येत नाहीत.

आपल्या मुलांच्या खोल्यांत कापले जाते ते बहुतेक वेळा तीन गोष्टींसाठी. पहिली हळद. पांढऱ्या ओट्यावर फोडणीचे थेंब उडतात, पिवळा डाग बसतो, आणि घासायला मुले धुण्याचा नाहीतर खायचा सोडा घेतात. सोड्याने हळद लाल होते. कुंकू कसे करतात ते आठवा. पिवळा डाग मग तांबूस होऊन बसतो. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. औषधाच्या नव्हे, साबण-शांपू विकणाऱ्या दुकानात ब्रेनश्पिरिटुस नावाने स्पिरिट मिळते. खिडकी उघडी ठेवून, शेगडी थंड असताना, कापसाचा बोळा त्यात भिजवून डागावर दोन-तीन मिनिटे ठेवायचा, पुसायचा, पुन्हा ठेवायचा. उरलेली पिवळी झाक उन्हाने उडते, पण फेब्रुवारीत तिथे ऊन असते कुठे! म्हणून हे काम जानेवारीत सुरू करावे आणि ओट्यावरची ती जागा खिडकीकडे उघडी ठेवावी.

दुसरी गोष्ट क्षार. दक्षिण जर्मनीत पुष्कळ ठिकाणी पाणी जड आहे. नळावर, शॉवरच्या काचेवर, किटलीत पांढरा थर बसतो. त्याला सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपले लिंबूसत्त्व. ते तिथे पुड्यांत स्वस्त मिळते. एक लिटर थंड पाण्यात दोन मोठे चमचे, अर्धा तास भिजत ठेवायचे. गरम पाणी घेतले की काम बिघडते: उष्णतेने त्याच क्षाराचा वेगळा, न विरघळणारा थर बसतो आणि तो घासून निघत नाही.

तिसरी आणि सर्वांत महागडी गोष्ट बुरशी. थंडीच्या भीतीने मुले खिडकी बंद ठेवतात, खोलीतच कपडे वाळत घालतात, कुकरच्या शिट्ट्यांची वाफ आत कोंडते, आणि ती वाफ बाहेरच्या थंड भिंतीवर जाऊन बसते. कपाट भिंतीला चिकटून असेल तर त्याच्या मागे काळे ठिपके धरतात, ते कपाट हलवेपर्यंत म्हणजे निघायच्या दिवसापर्यंत कुणी पाहत नाही. दिवसातून तीन-चार वेळा खिडकी सताड उघडून पाच ते दहा मिनिटे हवा खेळवायची आणि बंद करायची. दिवसभर वरून फट ठेवून काही होत नाही, उलट भिंत आणखी गार पडते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. हे ऑक्टोबरातच करायचे काम आहे, पण निदान डिसेंबरात एकदा कपाटामागे बॅटरी मारून पाहावी.

किल्लीबद्दल एकच सांगतो. हरवली तर कुणाच्याही दुकानात नकली किल्ली करून देऊ नये. वसतिगृहाची सगळी कुलपे एकाच मालिकेतली असतात आणि नकली किल्ली ओळखू येते. मालिका बदलण्याचा खर्च मोठा. आपल्या हातून दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा वैयक्तिक विमा घेतला असेल तर त्यात किल्ली येते का, ते पाहावे.

सगळ्या कागदांचा मूळपुरुष म्हणजे आबमेल्डुंग, शहराच्या नोंदणी कार्यालयातून आपले नाव कमी करणे. हे घर सोडण्याच्या एक आठवडा आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत करायचे असते. त्याआधी गेलात तर परत पाठवतात. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळायलाच काही आठवडे लागतात, म्हणून वेळ आधी घेऊन ठेवावी, किंवा बऱ्याच शहरांत फॉर्म टपालाने अथवा ईमेलने चालतो तसा पाठवावा. या एका दाखल्यावर पुढचे सगळे अडकलेले असते, म्हणून त्याची स्कॅन प्रत ईमेल, फोन आणि घरच्यांकडे अशी तीन ठिकाणी असावी.

दाखला मिळाला म्हणजे बाकीच्यांना आपोआप कळते, हा गैरसमज फार महागात पडतो. रेडिओ-टीव्हीचे शुल्क, रुंडफुंकबायट्राग, महिना १८.३६ युरो, तीन महिन्यांचे मिळून ५५.०८. खोलीत टीव्ही नसला तरी ते लागते. फ्लॅटमध्ये सगळे मिळून एकानेच भरायचे असते. वसतिगृहात ज्या खोलीचे दार सार्वजनिक मार्गिकेत उघडते ती खोली स्वतंत्र घर धरतात. नऊ आकडी खाते क्रमांक देऊन, परदेशी कायमचे जात असल्याचे कारण लिहून ते वेगळे बंद करावे लागते. जेव्हा कळवाल त्या महिन्याअखेर ते थांबते, मागच्या तारखेने नाही. आरोग्य विम्याचेही तसेच. विद्यार्थ्याचा हप्ता दीडशे युरोच्या आसपास असतो. विद्यापीठातून नाव कमी झाले, पण देश सोडल्याचा पुरावा विमा संस्थेला पोहोचला नाही, तर ते तुम्हाला सर्वसाधारण सभासद धरून पुढे चालू ठेवतात. उत्पन्नाचा दाखला नसेल तर कमाल दराने, आणि तो दर महिना हजार युरोंच्या वर जातो. पत्रे मात्र जुन्या पत्त्यावर जात राहतात. तिथे पत्त्यात सहसा फ्लॅटचा क्रमांक नसतो, पेटीवरच्या नावावरून टपाल पडते. आपली चिठ्ठी पेटीवरून निघाली की पत्र परत. दुसरा इशारा, तिसरा इशारा आणि शेवटी वसुलीवाल्यांचे पत्र, यातले एकही पुण्याला पोहोचत नाही. पेटीवर नाव ठेवू देणारा एक मित्र, दोन महिन्यांसाठी, एवढीच यावरची तजवीज.

परीक्षेनंतर इटली-स्पेन करून येण्याचा बेत असतो. त्याला आमचा विरोध नाही, फक्त दोन तारखा पाहाव्यात. विमा कार्डाची मागची बाजू युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत चालते, पण सभासदत्व संपेपर्यंतच. आणि निवासाच्या परवान्यावरची शेवटची तारीख म्हणजे शेंगेनच्या बाहेर पाऊल टाकण्याची शेवटची तारीख. नव्वद दिवस आणखी राहता येते, हे आपल्या पासपोर्टवाल्यांना लागू नाही.

पैशांत श्पेरकोंटो, म्हणजे व्हिसासाठी अडकवून ठेवलेली रक्कम. सप्टेंबर २०२४ पासून ती महिना ९९२ युरो आहे. सहा महिन्यांची ५,९५२. लवकर परतलात तर उरलेली मिळते, पण आबमेल्डुंगचा दाखला दिल्यावर, काही ठिकाणी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचे पत्र दिल्यावर, आणि बहुधा विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच नावच्या खात्यात. वडिलांनी पाठवले म्हणून वडिलांच्या खात्यात मागू नये. जाताना पैसे पाठवल्याची बँकेची पावती जपून ठेवावी. रोजच्या वापराचे जर्मन खाते मात्र अनामत येईपर्यंत बंद करू नये, आणि त्यात शंभरेक युरो राहू द्यावेत. एखादा स्वयंचलित हप्ता परत गेला तर दंड त्यावरच बसतो.

या खात्याची एक गोम. व्यवहाराचा संकेतांक एसएमएसने येत असेल तर जर्मन सिम रिचार्ज न केल्याने मेले की खाते दिसते पण हलत नाही. जायच्या आधी संकेतांक अ‍ॅपवर घ्यायचा. परतल्यावर लगेच फोनही बदलू नये, कारण नव्या फोनवर अ‍ॅप चालू करायला बरेचदा बँक कागदी पत्र पाठवते, आणि ते बँकेकडे नोंदलेल्या पत्त्यावर. तेव्हा पत्ता भारतातला करून ठेवावा. व्यायामशाळा, फोनचा करार, बस-रेल्वेच्या तिकिटाची वर्गणी हे सगळे जानेवारीत एका संध्याकाळी बसून बघावे; ‘मी देश सोडतोय’ एवढ्याने व्यायामशाळा सोडतेच असे नाही.

सामानाचे विशेष सांगण्यासारखे नाही. गाद्या, दिवा, सायकल ऑनलाइन विकायला काढावी, मोठा कचरा पालिकेला आधी कळवून त्या दिवशीच बाहेर ठेवावा, बाटल्या दुकानातल्या यंत्रात घालाव्यात. प्लास्टिकच्या बाटलीचे आणि पेयाच्या कॅनचे २५ सेंट मिळतात, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. प्रेशर कुकर मात्र परत आणू नये. तो पुढच्या सत्राच्या मुलांसाठी ठेवून यावा, शिट्टी आणि रबर तपासून, सोबत एक जादा रबर. आपल्या कुकरचे रबर तिथल्या साध्या दुकानात मिळत नाही. त्याच कुकरमध्ये एक चिठ्ठी ठेवली, कुठल्या कार्यालयात कुठला कागद किती दिवसांत मिळाला याची, तर ती आपल्या कॉलेजच्या माहितीपत्रकाहून उपयोगी पडते. हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही. माहितीपत्रकात परतीचे पान नसतेच.

ते पान घालायला कॉलेजांना पैसे लागत नाहीत. गुणांचा आणि श्रेयांकांचा तक्ता सहीनिशी जुलैत, हजेरीचे पत्र त्याच पाकिटात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत विद्यार्थ्याच्या ईमेलला दोन दिवसांत उत्तर देईल असा एक माणूस, एवढीच आमची मागणी. पालकांना विनंती वेगळी. स्वस्त मिळते म्हणून परतीचे तिकीट सप्टेंबरातच काढू नये. तारीख बदलता येईल असे घ्यावे, परीक्षेच्या तारखा लागल्यावर पक्के करावे, आणि शनिवार-रविवार टाळावा, कारण त्या दिवशी हाऊसमाइस्टर येत नाही.

आपले,
विद्यार्थी-विनिमयाचे काम पाहणारे काही वाचक,
पुणे